दोरी धरावी, दोरी सोडावी



इंग्लंडमध्ये वनराईतून, शेतांमधून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटांवर कोणीही कुत्रा घेऊन फिरू शकतो. मात्र जमीन शेतकऱ्याची, म्हणून काही पथ्ये आहेत. फाटक जसे दिसले तसेच ठेवायचे. गुरे-मेंढरे जवळ असली की कुत्र्याला दोरीने आवरायचे. लोकांना खुल्या असलेल्या माळरानांवर १ मार्च ते ३१ जुलै दोरी २ मीटरहून लांब चालत नाही. कारण तेव्हा चंडोलासारखे पक्षी जमिनीवरच घरटी करतात.

पण गुरे अंगावर धावून आली, तर दोरी धरून ठेवायची नाही, सोडून द्यायची. कुत्रा पळून सुटतो, आपणही वाचतो.

आपण घरात नेमके उलटे करतो. लेकरे लहान असताना दोरी धरायला आपल्याला सवड नसते. ती मोठी झाली की सोडवत नाही. तोबितच्या पुस्तकात तोबिया दूर प्रवासाला निघाला तेव्हा आई रडली, तरी त्याला जाऊ दिले. सोबतचा वाटाड्या राफाएल देवदूत आहे, हे आईवडिलांना ठाऊकही नव्हते. मागोमाग कुत्राही निघाला.

कोणाला आवरायचे आणि कोणाला देवाच्या हाती सोपवायचे, हे या आठवड्यात आपण प्रार्थनेत प्रभूला विचारू या. आमेन.