पोटावारी

मला वयाच्या नवव्या वर्षी बोरी अरबातल्या एका शेतकऱ्याच्या घरी पोटावारी ठेवलं. दोन वेळची भाकर, पोळ्याला कपड्यांचा एक जोड आणि माझ्या बापाला पाडव्याला थोडी उचल, एवढा ठराव. बाप दारव्ह्याकडच्या एका गावात सालगडी होता आणि घरात खाणारी तोंडं पुष्कळ होती. मी दोन म्हशी आणि वासरं राखायचो, कोठ्यातलं शेण काढायचो, रात्री तिथंच कडब्यावर गोदरी टाकून निजायचो. घर वाईट नव्हतं. मालकीणबाईंना मी काकू म्हणायचो. ताप आला की त्या कपाळावर हात ठेवायच्या, ठेच्याबरोबर भाकरीवर तेलाची धारही सोडायच्या. गाव म्हणायचं, पोट्टं अन्नाला लागलं, काकूला पुण्य लागलं. पुढे एका गुरुजींनी मला पुन्हा शाळेत बसवलं आणि मी स्वतः जिल्हा परिषदेचा मास्तर झालो. पण तो पुण्याचा हिशेब मला अजून पटलेला नाही.

उपाशी पोराला जेवू घालणं हा धर्म, यात वाद नाही. पण जेवू घालणाऱ्याचा त्या पोराच्या दिवसावर हक्क लागतो का?

हा प्रश्न एकट्या वऱ्हाडाचा नाही. इंग्लंडात गोरगरिबांचा भार पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावावर असे. १६०१ च्या कायद्याने तिथल्या अधिकाऱ्यांना दोन न्यायाधीशांच्या संमतीने गरिबाचं मूल दुसऱ्याच्या घरी बांधून देता येई. मुलगा चोविसाव्या वर्षापर्यंत, मुलगी एकविसाव्या वर्षापर्यंत किंवा लग्न होईस्तोवर. पोराची संमती कोणी मागत नसे. १६९७ नंतर तर असं मूल नाकारणाऱ्या धन्याला दहा पौंड दंड होता. कागदावर ती पोरं उमेदवार, काम शिकणारी. डेव्हनसारख्या शेतीच्या मुलखात ती शेतकऱ्यांच्या घरी जात आणि गुरं राखणं, शेण काढणं, घरकाम हेच त्यांचं शिक्षण होई. देणाऱ्यांनाही हे ख्रिस्ती कर्तव्यच वाटे: मूल उपाशी मरत नाही, वर कष्टाची सवय लागते. धन्यांवरची ही सक्ती १८४४ साली उठली. त्यानंतर सहाच वर्षांनी, १८५० मध्ये, कंपनी सरकारने हिंदुस्थानात अनाथ आणि गरीब मुलांना उमेदवारीला बांधून देण्याचा कायदा केला. दहा वर्षांवरचं मूल, जास्तीत जास्त सात वर्षं. आमच्याकडे अर्थात कागद कधी झालाच नाही. बापाने पाडव्याला उचल घेतली, हाच करार.

आपल्या संतपरंपरेत अशा पोरांची थोरली बहीण आहे जनाबाई. गंगाखेडच्या गरीब घरची ही मुलगी लहानपणीच पंढरपुरात नामदेवांच्या वडिलांच्या, दामाशेटींच्या घरी राहिली आणि जन्मभर नामदेवांची दासी म्हणवत आली. विठोबा तिच्यासंगे दळू लागला, शेण्या वेचू लागला, ही कथा मी लहानपणापासून कीर्तनांत ऐकतो आणि दर वेळी डोळे भरतात. पण महाराज जेव्हा म्हणतात की त्या कष्टांमुळेच तिला देव भेटला, तेव्हा मला उठून बोलावंसं वाटतं. देवाला जात्याचा खुंटा धरावा लागला, कारण त्या पोरीच्या वाट्याला तिच्या जिवाला न पेलणारं काम आलं होतं. देवाने कष्टात हात घातला, म्हणून ते कष्ट लादणं पवित्र ठरत नाही.

आमच्याकडून जाणाऱ्या शकुंतला रेल्वेगाडीचं एक टोक मूर्तिजापूर होतं. त्याच तालुक्यातल्या दापुऱ्याला, आजोळी, बाप मेलेला लहानगा डेबू ढोरं राखत वाढला. तेच पुढे गाडगेबाबा. त्यांनी सांगितलेल्या रोकड्या धर्मात भुकेल्याला अन्न आहे, बेकाराला रोजगार आहे आणि गरिबाच्या लेकराला शिक्षणासाठी मदत आहे. या गोष्टी त्यांनी वेगवेगळ्या ठेवल्या. काम मोठ्या माणसाला, शाळा लेकराला, आणि अन्नाला कसलीच अट नाही. ज्याने स्वतः ढोरं राखली आणि ज्याला अक्षर येत नव्हतं, त्याने ही वाटणी केली. मी ती शास्त्र म्हणून मानतो.

जुन्या शास्त्रात तीन ऋणं सांगितली आहेत आणि त्यातलं ऋषींचं ऋण अध्ययनाने फिटतं. ते वचन सालगड्याच्या पोरासाठी नव्हतं, हे मला ठाऊक आहे. तरी मी ते माझ्यासाठी घेतो. लेकराच्या डोक्यावर कर्ज असेलच, तर ते शिकण्याचं. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, हा नेम आमच्या गावात कुणी मोडत नाही. त्या दिवशीही पहाटे कोठा मीच झाडत होतो.

माझा बाप दोषी होता असं मी म्हणणार नाही. प्रौढ माणूस पाडव्याला स्वतःचं साल ठरवतो, बरंवाईट त्याचं. मी मात्र कुणाला शब्द दिला नव्हता, तरी तो मी फेडत होतो. काकूंविषयी माझी कृतज्ञता खरी आहे. ती मी आनंदाने बाळगतो, पण त्या कष्टांची किंमत म्हणून नाही.

आईबापाने आगाऊ रक्कम घेऊन मुलाचे श्रम गहाण टाकू नयेत, असा कायदा १९३३ मध्ये झाला. वेठबिगारीवर १९७६ च्या कायद्याने बंदी आली. तरी २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या कातकऱ्यांची लेकरं काही हजारांवर मेंढ्या राखायला दिलेली सापडली आणि त्यातली एक मुलगी दगावली. तिला नेणाऱ्यांनाही कुणीतरी म्हटलं असेल, पोरगी अन्नाला लागली.

मग ढोरं कोणी राखायची, असं मला विचारतात. आमच्या गावात तेव्हा गायकी होता, चांगला बाप्या माणूस. सकाळी आखरावर गावाची ढोरं गोळा करायचा, रानात न्यायचा आणि जनावरामागे ठरलेली ज्वारी घ्यायचा. काकूंच्या दोन म्हशी आणि वासरं त्याच्या मागे गेली असती, तर वर्षाकाठी काही पायली लागल्या असत्या. तेवढी ज्वारी त्या घरात होती.