आचार्यालाही आचार्य हवा काय?

ज्याच्या हाती दुसऱ्याला शिकविण्याचे कार्य आले त्याचे स्वतःचे शिकणे संपले, अशी एक समजूत समाजात रूढ आहे. पदवी मिळाली, नेमणूक झाली, हाती खडू आला. यापुढे त्याने केवळ द्यावे, घेऊ नये. वरवर पाहता ही समजूत शिक्षकाच्या मानाची वाटते. वस्तुतः ती त्याला एकाकी पाडणारी आहे. नवखा वैद्य जुन्या वैद्यादेखत नाडी पाहतो, नवखा गवंडी मिस्त्रीच्या नजरेखाली भिंत रचतो. शिक्षकाला मात्र पुष्कळदा पहिल्याच दिवशी चाळीस-पन्नास मुलांपुढे एकट्याने उभे केले जाते. त्याच्या हातून चूक झाली तर तिचे मोल मूल देते, आणि आपली काही हानी झाली हे त्या मुलाला कळतही नाही. म्हणून हा प्रश्न केवळ सोयीचा नाही, धर्माधर्माचा आहे.

भगवद्गीतेचा आरंभच या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. अर्जुन काही नवशिका नव्हता. द्रोणाचार्यांपाशी त्याची विद्या पूर्ण झालेली होती. दुसऱ्या अध्यायात तो शिष्यत्व पत्करतो ते विद्या नाही म्हणून नव्हे, तर असलेली विद्या या क्षणी कशी वर्तनात आणावी हे उमजेना म्हणून. शिक्षकाची अडचण नेमकी हीच असते. गणित त्याला येते. परंतु मागच्या रांगेतील मुलगा गणिताला का भितो, हे त्याला कोणत्या पुस्तकात सापडणार? छांदोग्य उपनिषदातील नारद तर सनत्कुमारांपुढे आपल्या अधीत विद्यांची लांबलचक यादीच सांगतात आणि एवढे असूनही आपण आत्मवेत्ते नाही, हे मोकळेपणी कबूल करतात. देवर्षींना ज्याची लाज वाटली नाही, त्याची लाज आजच्या अध्यापकाला का वाटावी?

प्राचीन उदाहरणे पूज्य खरी, पण आजच्या काळी हे कसे शक्य, अशी शंका कोणी घेईल. त्याने ताराबाई मोडक यांचे चरित्र पाहावे. राजकोट येथे अध्यापिका घडविणाऱ्या महाविद्यालयाच्या त्या प्राचार्या होत्या. म्हणजे शिक्षकांना शिकविणे हाच त्यांचा व्यवसाय. ते पद सोडून त्या भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्यापाशी बालशिक्षण शिकावयास गेल्या. गिजुभाई मूळचे वकील! पदाची उतरंड पाहिली तर हा व्यवहार उलटाच म्हणावा लागेल. पुढे 1945 साली बोर्डी येथे ताराबाईंच्या कार्यात अनुताई वाघ येऊन मिळाल्या. त्याही अनेक वर्षे शिक्षिका राहिलेल्या होत्या. मुले शाळेत येत नाहीत तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे, हा अंगणवाडीचा विचार त्या परिसरात वाढला. आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर, गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणावर भरणारी शाळाही उभी राहिली. 1973 मध्ये ताराबाई गेल्या; अनुताईंनी ते काम 1992 पर्यंत, स्वतःच्या अखेरीपर्यंत चालविले. गिजुभाईंच्या बालमंदिरात कुरणशाळा नव्हती. परंपरा याचा अर्थ अनुकरण नव्हे, हे यावरून ध्यानी यावे.

येथे एक धोका सांगितलाच पाहिजे. मार्गदर्शन आणि तपासणी यांत अंतर आहे. तपासनीस दोष टिपून जातो. मार्गदर्शक दोषापाशी थांबतो. परंतु मार्गदर्शकालाही अधिकाराची गोडी लागते, आणि मग तो आपल्यासारखीच माणसे पाडणारा साचा होऊन बसतो. गीतेने चौथ्या अध्यायात ज्ञानप्राप्तीसाठी प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा अशी तीन साधने सांगितली. आपण पहिले व तिसरे मोठ्या भक्तीने जपले. मधले, प्रश्न विचारण्याचे, मात्र बहुधा उद्धटपणात जमा केले. प्रत्यक्ष श्रीकृष्णांनीही सारा उपदेश झाल्यावर, यावर पूर्ण विचार कर आणि मग तुला रुचेल ते कर, अशीच मोकळीक अर्जुनाला दिली. तैत्तिरीय उपनिषदातील आचार्य त्याही पुढे जातात. निरोप घेणाऱ्या शिष्याला ते सांगतात की आमची जी चांगली आचरणे असतील तेवढीच घे, इतर नको. स्वतःविषयी असे बोलू शकणारा मनुष्य मार्गदर्शक होण्यास योग्य. ज्याला हे बोलवत नाही, तो कितीही विद्वान असला तरी नवख्या शिक्षकाने त्याच्यापासून थोडे सावधच असावे.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ज्येष्ठ व निवृत्त अध्यापकांनी इतर अध्यापकांना साहाय्य करावे, यासाठी राष्ट्रीय मार्गदर्शन योजनेची कल्पना मांडली आहे. योजना सरकारची असली तरी तिची माणसे घराघरांतूनच यावयाची आहेत. कित्येक गृहस्थांच्या ओसरीवर तीस-पस्तीस वर्षे शिकवून निवृत्त झालेले वडील किंवा काका वर्तमानपत्र वाचीत बसलेले असतात. शेजारच्या शाळेत या वर्षी नवी शिक्षिका आली आहे. तिला त्यांचा पत्ता ठाऊक नाही, आणि तिने काही विचारावे असे त्यांनी अजून कोणाला सांगितलेले नाही.