मोहल्ला कोणाचा?

बेगम बाजारासारख्या जुन्या वस्तीत नियोजनाचा विचार करण्यासाठी स्थानिकांचे मंडळ असावे, असे कोणी सुचविले की चर्चा बहुधा नोंदणी आणि पदाधिकारी यांपाशीच अडते. वस्तुतः कायद्याची बाजू सोपी आहे. 2001 च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे सात सभासद जमले की संस्था उभी राहते. हे सातही जण एकाच गल्लीतले असले, तरी ते अवघ्या मोहल्ल्याच्या वतीने कसे बोलतात, हा प्रश्न त्या कायद्याला पडत नाही. तो आपल्याला पडावयास हवा.

निजाम अली खान यांच्या पत्नी हुमदा बेगम यांनी ही जमीन व्यापाऱ्यांना दिली आणि त्यावरून बाजाराला नाव पडले, असे सांगतात. म्हणजे मूळ हक्क व्यापाराचा. पण येथे पिढ्यान्‌पिढ्या चुली पेटल्या, मुंजी-लग्ने झाली. मसाल्यांची, सुक्या मेव्याची, भांड्यांची पोती-खोकी पाठीवरून वाहणारा हमाल दिवसाचा मोठा भाग याच गल्ल्यांत काढतो. तो मुसीपलीकडे राहत असेल, तर त्याचे नाव तेथल्या मतदारयादीत असते. येथे त्याची गणती शून्य. 1992 च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली खरी, परंतु त्यांत कोणी बसावे हे राज्यांच्या विधिमंडळांवर सोडले.

आपल्या शहराला वरून आलेल्या नियोजनाचा अनुभव नवा नाही. 1908 च्या मुसीच्या महापुरानंतर 1912 मध्ये नगर सुधार मंडळ स्थापन झाले. त्याने दाट वस्त्या मोकळ्या केल्या, रस्ते रुंद केले. त्या कामाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण ते लोकांसाठी झाले, लोकांना विचारून नव्हे. त्याच दशकात होळकरांच्या इंदुरात पॅट्रिक गेडिस यांनी निराळी वाट धरली. नकाशा आखण्यापूर्वी गल्लीन् गल्ली पायी हिंडावी, ही त्यांची रीत. प्लेगच्या सावटात त्यांनी दिवाळीची मिरवणूक योजिली. जेथील घरे उत्तम झाडलेली व डागडुजी केलेली असतील, त्याच मार्गाने ती जाणार असे जाहीर केले, आणि मिरवणुकीत उंदराची व घाणीच्या राक्षसाची प्रतिमा मिरविली. हुकुमाने जे होत नाही ते चुरशीने झाले! अर्थात 1918 चा अहवाल मात्र गेडिस यांच्याच लेखणीचा होता.

मग सभासद कोण? माझ्या मते कसोटी एकच: निर्णयाने ज्याचा दिवस बदलेल, तो. ती लावली की एकच यादी पुरत नाही. नळ आणि गटार यांविषयी येथे रात्री मुक्काम करणाऱ्यांचा शब्द वजनदार. मालाच्या गाड्या कोणत्या वेळी याव्यात, यात व्यापारी, हमाल आणि वर माडीवर निजलेले आजारी म्हातारे, सगळेच आले. भाडेकरूला वगळून घरमालकालाच बोलावणे तर सरळ अन्याय आहे.

आणि आपण? आपल्यांपैकी कित्येकांचे वाडे येथे आहेत, कुलुपे लावलेली. संसार केव्हाच दूरच्या वसाहतींत गेले. कोणती विहीर कोठे बुजविली, पाणी कोणत्या बाजूने शिरते, हे ठाऊक असलेली माणसे आपल्याच घरांत उरली आहेत. ती सांगण्यासाठी सभेला अवश्य जावे. परंतु मते मोजताना हात वर करू नये. ज्या गल्लीतून आपल्याला उद्या सकाळी चालावयाचे नाही, तिची रुंदी आपण ठरविणे मला रास्त वाटत नाही. हे अनेकांना झोंबेल. वाडवडिलांची वास्तू ही काही केवळ मालमत्ता नसते, हे मलाही मान्य आहे. तरी स्मृतीचा अधिकार आणि वास्तव्याचा अधिकार एका तागडीत घालता येत नाहीत.

राहता राहिली सभेची वेळ. ती किरकोळ बाब समजली जाते. रात्री दुकाने बंद झाल्यावर सभा घेतली, तर दिवसभर पोती वाहून थकलेला हमाल घरी गेलेला असतो, आणि स्त्रिया स्वयंपाकघरातून सुटलेल्या नसतात. दुपारी घेतली, तर गल्ल्यावरचा व्यापारी उठत नाही. तेव्हा एकच मोठी सभा भरविण्याऐवजी पहिले काही महिने गल्लीगल्लीत, वेगवेगळ्या वेळी, छोट्या बैठका घ्याव्यात आणि प्रत्येक बैठकीला कोण आले नाही, याचीही नोंद इतिवृत्तात करावी.