करुणेच्या शेजारचा शब्द

आजचं चिंतन भगवद्गीतेच्या १२व्या अध्यायातल्या १३व्या श्लोकावर. भगवंताला प्रिय असणाऱ्या भक्ताची लक्षणं इथून सुरू होतात. तो कोणाचाही द्वेष करत नाही, सगळ्या प्राणिमात्रांशी मैत्रीने वागतो, त्याच्या मनात करुणा असते. आणि लगेच पुढचा शब्द येतो, ‘निर्मम’.

हा शब्द मला बरेच दिवस खटकायचा. बातम्यांमध्ये आपण ‘निर्मम हत्या’ असं वाचतो. मग करुणेच्या शेजारी तो काय करतोय? फोड सोपी आहे. ‘मम’ म्हणजे माझं. ‘माझं’ हा हक्क ज्याने सोडला, तो निर्मम. पण जीव लावायचा आणि ‘माझं’ म्हणायचं नाही, हे जमतं का? मला ते थोडंफार कळलं मांजराच्या तीन पिल्लांमुळे.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती सापडली. आई खायला शोधायला गेली असेल म्हणून आधी लांबून वाट पाहिली. रात्रीपर्यंत ती आली नाही, तेव्हा तिघांना वर आणलं. डोळेही उघडले नव्हते. नावं ठेवली खारी, बटर आणि नानकटाई.

इतक्या लहान पिल्लांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजायचं नसतं, आधी ऊब द्यायची. गाईचं दूध त्यांना सोसत नाही. पिल्लांसाठी वेगळी दुधाची पावडर मिळते, ती कालवून दर दोन-तीन तासांनी, पिल्लाला पोटावर ठेवून पाजायची. शी-शूसुद्धा त्यांना आपणहून होत नाही. आई चाटते म्हणून होते. आई नसेल तर कोमट पाण्यात भिजवलेला कापूस हळूच फिरवायचा. रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. दहा ग्रॅम वाढलं की वाटायचं, आजची पूजा पावली!

मग एके दिवशी निळे डोळे उघडले. कान उभे राहिले. चौथ्या आठवड्यात तिघं खाण्याच्या ताटलीत पाय घालूनच जेवू लागली. नानकटाई सगळ्यात बारकी, डॉक्टरही तिच्याबद्दल काही खात्रीने सांगत नव्हते. ती माझ्या मानेपाशी पहिल्यांदा गुरगुरली, तेव्हा जागरणांचा सगळा हिशेब मिटला.

आठ आठवडे झाल्यावर घरं शोधली. खारी आणि बटर एका घरी जोडीने गेले. नानकटाईच्या वेळी आई म्हणाली, “एवढी रात्रंदिवस जपलीस, ही एक तरी ठेव की गं.” मी रात्रभर विचार केला. आमचं घर वन बीएचके. हिला ठेवलं, तर पुढच्या वेळी पार्किंगमधून येणाऱ्या पिल्लाला जागा कुठे? आणि तिला मिळणारं घर चांगलं होतं. मग ती मला हवी होती, की तिला मी हवी होते? उत्तर माहीत होतं. तिला दिलं आणि खूप रडले. श्लोकात पुढे सुखदुःखात सम राहायला सांगितलंय. दुःख होणारच नाही, असं कुठे म्हटलंय?

श्रीवैष्णव परंपरेत मार्जारन्याय सांगतात. माकडाचं पिल्लू आईला घट्ट धरतं, मांजराच्या पिल्लाला मात्र आईच तोंडात धरून नेते. भक्ताने तसं भगवंतावर सोडून द्यावं. आपण यात नेहमी पिल्लाकडे बघतो. थोडं मांजरीकडेही बघूया. ज्या दातांनी ती उंदीर मारते, त्याच दातांनी पिल्लू उचलते, पण त्याला ओरखडाही येत नाही. आणि पिल्लू खायला लागलं की तीच फिस्कारून त्याला दुधापासून दूर करते. तिच्या मायेत धरणं आहे, तसंच सोडणंही आहे.

आपल्याकडे म्हणतात, मांजर पिल्लांना सात घरं फिरवते. माझं घर त्या सातांतलं एक होतं, एवढं भाग्य मला पुरे. आता टोपली धुऊन वाळत घातलीये, पुढच्यांसाठी.

आजच्या दिवसासाठी एवढंच करूया. ज्याच्यासाठी जीव टाकतो अशा एकाचं नाव मनात घ्यायचं, मग ते पिल्लू असो, मित्र असो की धाकटा भाऊ. आणि स्वतःला विचारायचं, माझी पकड त्याला उचलतेय, की त्याच्यावर दातांची खूण सोडतेय?

जय हरी!