नक्कल : चोरी की अदब?

जलरंगात हात बसलेला चित्रकार चिनी कुंचला शिकू लागला की पहिला धडा मिळतो तो नकलेचा. बांबूचे एक पान उस्तादाने काढले तसेच शेकडो वेळा काढायचे. इकडे वर्गात आम्ही मुलांना बजावतो, 'नक्कल करू नका.' मग परीक्षेत जो गुन्हा, तो कलेत विद्या कसा ठरतो?

चिनी परंपरेत याला उत्तर आहे. शिये हे याने सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी चित्रकलेची सहा तत्त्वे सांगितली. त्यांत पहिले चैतन्याचे आणि सहावे जुन्या चित्रांच्या नकलेचे. कारण साधे आहे. भाट्याची खाडी जलरंगात रंगवताना ओला रंग स्पंजने टिपून घेता येतो. चिनी कागद शाई तत्काळ शोषतो. ओढलेली रेघ परत घेता येत नाही. म्हणून हात आधी तयार लागतो, आणि तो मश्क केल्यावाचून तयार होत नाही.

ही गोष्ट आपल्याला परकी नाही. तख्तीवर उस्तादाचे हुरूफ गिरवूनच खत सुधारतो. उस्मानी तुर्कांच्या काळात इजाजत मिळेपर्यंत शागीर्द आपल्या लिखाणाखाली स्वतःचे नाव घालत नसे. चिनी चित्रकारही अमुक उस्तादाच्या ढंगाने काढले, असे चित्रावरच लिहीत.

म्हणजे नकलेला दोन प्रश्न विचारावेत : कष्ट कोणाचे? आणि नाव कोणाचे? मश्क करणारा कष्ट स्वतः करतो आणि नाव उस्तादाचे सांगतो. गाईडमधून उतरवणारा कष्ट दुसऱ्याचे घेतो आणि नाव आपले लावतो. पहिली नक्कल अदब आहे, दुसरी चोरी. स्पर्धेसाठी दुसऱ्याकडून चित्र काढून घेऊन त्यावर मुलाचे नाव लिहिणारे पालक मुलाला नेमके काय शिकवतात, याचा विचार व्हायला हवा.

पण नुसती अदबही पुरेशी नाही. शिये हेने नकलेला सहावे स्थान दिले, पहिले नव्हे. १९२४ साली नंदलाल बोस रवींद्रनाथांबरोबर चीनला गेले. पुढे शाई-कुंचल्याने त्यांनी रेखाटली ती इथलीच झाडे, डोंगर आणि माणसे. उस्तादाची विद्या अमानत आहे. ती जशीच्या तशी पेटीत ठेवली तर सुरक्षित राहील, पण जिवंत राहणार नाही. आपल्या मातीतले काही तिच्यात उमटले, तरच तिचा हक्क अदा होतो.