सातवा रकाना, आठवा रकाना



आकडा म्हटलं की आपले कार्यकर्ते तोंड फिरवतात. आकडेवारी हा कारकुनांचा धंदा, आपलं काम मोर्च्यात, असं एक मत आपल्यात घट्ट बसलं आहे. मला ते पटत नाही. ह्या देशानं आपल्याला माणसात धरलं नाही, पण मोजलं मात्र नेमानं. आणि कोणत्या ढिगात मोजायचं ह्यावरनं शंभर वर्षं भांडण चाललंय.

१९११ च्या खानेसुमारीच्या वेळी इंग्रज आयुक्तानं दहा कसोट्या काढल्या. ब्राह्मणाचं श्रेष्ठत्व मानता का? वेद मानता का? देवळाच्या आत जाता येतं का? तुमच्या शिवण्यानं विटाळ होतो का? मेलेला माणूस पुरता का? 'हिंदू' ह्या एका शब्दाखाली किती माणसं बळजबरीनं कोंबली आहेत ते ह्या प्रश्नांनी उघडं केलं. पुढं १९३२ ला मताधिकाराच्या चौकशीसाठी लोथियन समिती आली. अस्पृश्य जितके जास्त तितक्या त्यांच्या जागा जास्त, हे कळल्याबरोबर आमच्याकडे अस्पृश्यच नाहीत असं सवर्ण पुढारी सांगू लागले. संयुक्त प्रांतात शिरगणतीनं कोटीच्या वर मोजलेले अस्पृश्य प्रांतिक समितीच्या हिशेबात काही लाखांवर आले. पटकी नाही, दुष्काळ नाही, आणि माणसं गायब! बाबासाहेबांनी हा सगळा तमाशा लिहून ठेवलाय, वाचा. त्याच्या आदल्याच वर्षी, १९३१ ला, पंजाबात मंगूराम यांच्या चळवळीतल्या चार लाखांवर माणसांनी गणतीत आपला धर्म 'आद धर्म' असा लिहवून घेतला होता. म्हणजे रकान्याची लढाई आपण काही आज शोधून काढलेली नाही.

हे सगळं उकरण्याचं कारण गोसीखुर्दच्या बाजूला पुनर्वसनाच्या गावठाणात झालेली आमची बैठक. विषय होता २०२७ ची जनगणना. ३० एप्रिल २०२५ ला केंद्र सरकारनं ह्या गणतीत सगळ्यांची जात विचारायचं जाहीर केलं, त्यामुळं पोरं तापलेली. एकानं उभं राहून सरळ विचारलं, "दादा, सातव्या रकान्यात बौद्ध लिवाचं आन आठव्यात पुन्हा महार लिवाचं? मंग दीक्षा कायले घेतली?" दुसरा म्हणाला, "बहिष्कारच टाका गणतीवर." पहिल्याचा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. मी तिथं जेवढं बोललो त्याहून जास्त इथं लिहितो आहे.

आधी रकाने समजून घ्या. २०११ च्या गणतीत माणसामागं २९ प्रश्न होते. दारात येणारा प्रगणक बहुतेक ठिकाणी जिल्हा परिषदेचा मास्तर. सातवा प्रश्न धर्माचा. सहा धर्मांना सहा आकडे दिलेले, बौद्धांचा आकडा ५. आठवा प्रश्न अनुसूचित जाती-जमातीचा: आहात का, आणि असाल तर यादीतलं नाव कोणतं. त्या यादीत बौद्ध नावाची जात नाही, आणि नसावीच. नवबौद्ध नाही, दलित नाही. महार आहे, मांग आहे, चांभार आहे. हे अर्ज पुढं जातात, यंत्र त्यांचे फोटो काढतं, अक्षरं वाचतं, आणि तुमचं नाव गळून पडून फक्त आकडे उरतात. १९६१ ला हेच काम हातानं व्हायचं. माणशी एक चिठ्ठी, तिच्यावर तेरा प्रश्न, आणि कारकून त्या चिठ्ठ्या खणाखणात वाटायचे. यंत्र असो की कारकून, मास्तरनं जे लिहिलं त्याच्या पलीकडचं कोणालाच दिसत नाही. आपण बोललो ते आणि मास्तरनं लिहिलं ते एकच आहे का, एवढंच आपल्या हातात. पुढचं सगळं दिल्लीच्या हातात.

त्या १९६१ च्या चिठ्ठ्यांनी इतिहास केला. १९५१ ला आजच्या महाराष्ट्राच्या भागात बौद्ध होते अडीच हजारांच्या आसपास. १९६१ ला झाले २७ लाख ८९ हजार. मधे काय झालं ते मी ह्या वाचकांना सांगायला नको. पण १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर उभा राहिलेला माणूस साडेचार वर्षांनी एकटा, आपल्या दारात, गावच्या मास्तरसमोर उभा होता. तिथं ना बाबासाहेब होते ना लाखांची गर्दी. तिथं "मी बौद्ध" म्हणणं ही मला दुसरी दीक्षा वाटते, आणि पहिलीपेक्षा अवघड.

कारण त्याची किंमत होती. १९५० च्या आदेशानं अनुसूचित जाती हिंदूंतच धरल्या होत्या, १९५६ पासून शिखांत. बौद्ध म्हणालात की यादीबाहेर. महाराष्ट्र सरकारनं आपल्या सवलती नवबौद्धांना दिल्या खऱ्या, पण केंद्राचा दरवाजा १९९० पर्यंत बंद होता. रेल्वे, पोस्ट, बँक... सगळीकडे कागदावर हिंदू असलात तरच राखीव जागा. म्हणून कितीतरी बापांनी घरात बुद्धाची तसबीर लावली आणि कागदावर 'हिंदू महार' लिहिलं. आजची पोरं त्यांना भेकड म्हणतात. मला हे ऐकवत नाही. ज्यानं प्रश्न विचारायच्या आधीच एका उत्तराला भाकरी आणि दुसऱ्याला उपास बांधून ठेवलाय, त्याला सत्य मागायचा अधिकार किती? पोराच्या तोंडचा घास वाचवायला दिलेलं उत्तर मी खोटेपणात धरत नाही. पाप असेलच तर ते असा प्रश्न रचणाऱ्याच्या माथी.

तरी एक गोष्ट राहतेच. गणतीच्या चिठ्ठीवर तरी हिंदू लिहवायची गरज नव्हती. १९४८ च्या जनगणना कायद्याचं कलम १५ सांगतं, ही नोंद कोणी बघू शकत नाही, पुरावा म्हणून वापरता येत नाही. जातीचा दाखला ह्या चिठ्ठीवरून मिळत नाही आणि जातही नाही. पण हे त्या बुढ्याला सांगणार कोण? शाळेच्या दाखलखारिज रजिस्टरात पोराची जात लिहिणारा मास्तर आणि गणतीचा अर्ज भरणारा मास्तर एकच. एका माणसाच्या दोन वह्या वेगळ्या असतात हे त्यानं कशावरून मानायचं? त्याची भीती खोटी नव्हती. तरीही त्याच्यापुरता एक आकडा कमी झाला, तो झालाच.

आता १९९० चा कायदा. बौद्धांना अनुसूचित जातीत धरलं. १९८१ ला महाराष्ट्रात अनुसूचित जाती ७.१४ टक्के होत्या, १९९१ ला ११.०९ टक्के. दहा वर्षांत एवढी पोरं काही कोणाला झाली नाहीत. जी माणसं इथंच राबत होती, इथंच मार खात होती, ती यादीत आली, बस. आणि राज्यघटनेनं राखीव जागा लोकसंख्येच्या हिशेबानं ठरतात. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत महाराष्ट्रातल्या अनुसूचित जातींच्या विधानसभेच्या जागा १८ वरून २९ झाल्या, लोकसभेच्या ३ वरून ५. भंडारा विधानसभा तेव्हाच राखीव झाली आणि आपला पवनी तालुका तिच्यातच आहे. (ह्याच भंडाऱ्यानं १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेबांना पाडलं होतं, हे विसरू नका.) जागा राखीव झाली म्हणजे माणूस आपला निवडून येतो असं नाही, ते दुःख वेगळं. पण तोपर्यंत आपण बौद्ध म्हणून जितके खरे बोललो तितके त्या हिशेबातून वजा झालो, हे सरळ आहे.

आता त्या पोराचा प्रश्न. २०११ ला महाराष्ट्रात बौद्ध ६५ लाख ३१ हजार. त्यांतले अनुसूचित जातीत मोजले गेले ते ५२ लाख ४ हजार. म्हणजे १३ लाख २७ हजार माणसं सातव्या रकान्यात बौद्ध आणि आठव्यात कोणीच नाहीत. ह्यात कोणी तत्त्वानं जात सांगितली नसेल, कोणी शेजारचे ऐकतील म्हणून गप्प राहिला असेल, कोणाला मास्तरनं विचारलंच नसेल. आकड्यात तिघंही सारखेच दिसतात. तत्त्वाचा माणूस आणि लाजलेला माणूस एकाच खणात! ज्यांना वाटतं की आठवा रकाना कोरा ठेवला म्हणजे निषेध नोंदवला, त्यांनी हे ध्यानात घ्यावं. कोरा रकाना काहीच बोलत नाही.

माझं उत्तर असं. सातवा रकाना माझ्या निवडीचा आहे. मी काय झालो ते तिथं मी सांगतो. आठवा रकाना माझी निवड नाही, ती माझी साक्ष आहे. ह्या समाजानं मला काय म्हणून वागवलं ते मी तिथं सांगतो. मार खाल्लेल्यानं फिर्यादीत वळ दाखवले म्हणून त्याला वळ आवडतात असं होत नाही. मी जात सोडली, पण जातीनं मला सोडावं हे माझ्या हातात नाही. आपल्याच जिल्ह्यातलं खैरलांजी घ्या. २९ सप्टेंबर २००६ ला मारलं गेलेलं ते कुटुंब बौद्ध होतं. त्यांनी जात टाकली होती, गावानं टाकली नव्हती. आणि न्यायालयात काय झालं? खून सिद्ध झाले, शिक्षा झाल्या, पण ॲट्रॉसिटीचा गुन्हा २००८ ला भंडाऱ्यात टिकला नाही, २०१० ला नागपूर खंडपीठातही नाही. जातीचा रकाना कोराच राहिला. तो कोरा राहण्यात कोणाची सोय होते ते बघा आणि मग ठरवा.

बहिष्कारवाल्या मित्राला एवढंच, की तुझं दार बंद दिसलं तरी शेजाऱ्याला विचारून काहीतरी लिहिणारे निघतील. शेजारी काय सांगेल ते तुला माहीत आहे.

रकाने संपले तरी एक उरतं, आणि ते गोसीखुर्दवाल्यांनाच उमजेल. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींनी धरणाचा पायाभरणीचा दगड बसवला. त्यानंतर गावंच्या गावं उठली. २०११ च्या अर्जात एक प्रश्न होता: जुनी जागा का सोडली? उत्तरं ठरलेली: काम, धंदा, शिक्षण, लग्न, जन्मानंतर, घरच्यांसोबत, आणि शेवटी 'इतर'. सरकारनं उठवलं, असा आकडाच नाही. वैनगंगेच्या पाण्याखाली गेलेल्याची बायको 'घरच्यांसोबत' आणि तो स्वतः 'इतर'. त्याच 'इतर'मध्ये कोणी हवापालटाला गेलेला शेटजीही बसला असेल. आपल्याविषयी प्रश्न विचारला गेला म्हणजे आपलं उत्तर ऐकायची सोय केली असते असं नाही. ह्या जागी कितीही खरं बोला, अर्जात ते मावत नाही. म्हणून अर्जाबाहेर आपली वही लागते.

२०२७ च्या गणतीला १ मार्च ही तारीख धरलेली आहे. ह्या वेळी मास्तरच्या हातात कागद नाही, मोबाईल. कागदावर वाकून बघता यायचं, मोबाईलवर तो बोट फिरवून मोकळा. म्हणून वस्तीवस्तीत आजपासून सांगायला लागा: सातव्यात काय, आठव्यात काय, आणि शेवटी "मास्तर, काय लिवलं ते वाचून दाखवा" असं म्हणायचं. ह्या वेळी रकान्यांचे नंबर बदलले तरी प्रश्न तेच. बायांना हे आधी सांगा, कारण गणतीवाला दुपारी येतो आणि दुपारी गडी घरी नसतो.

पवनी तालुक्यातल्या उठलेल्या वस्त्यांची वही आम्ही सुरू केली आहे. जुन्या गावाचं नाव, उठलं ते साल, तिथून किती घरं निघाली, नव्या गावठाणात किती पोचली, आणि मधली कुठं गेली. ज्यांची घरं त्या पाण्यात गेली त्यांनी नोंद आणून द्यावी. लिहिता येत नसेल तर येऊन सांगावी, आम्ही लिहू आणि वाचून दाखवू.