नोटिशीचा पुरावा

पर्यावरणीय आरोग्य हा विषय आता करिअर-मार्गदर्शनाच्या पुरवण्यांत पोहोचला आहे. दिवाळीच्या सुमारास शहरांची हवा बिघडते, एप्रिल-मेमध्ये उष्माघाताच्या बातम्या येतात आणि प्रवेशाच्या दिवसांत लेख छापून येतात: हे उद्याचे क्षेत्र आहे, पदव्युत्तर शिक्षण घ्या, संधी भरपूर आहेत. सूक्ष्मजीवशास्त्राचे आणि पर्यावरणशास्त्राचे पदवीधर, दंतवैद्यक किंवा आयुर्वेद शिकलेली मुले-मुली सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासाकडे वळत आहेत, आणि ते चांगलेच आहे. पण या चर्चेत मूळ प्रश्न कोणी विचारत नाही. दोन वर्षे शिकून बाहेर पडलेल्या माणसाने करायचे काय? कोणता अपाय थांबवायचा, आणि कोणत्या अधिकाराने?

काहींच्या मते हा विषय डॉक्टरांचाच; पण माणूस डॉक्टरकडे जातो तो आजारी पडल्यावर, आणि इथले काम त्याआधीचे आहे. काहींचा भर जनजागृतीवर; ज्याला टँकरच्या पाण्यावाचून दुसरे पाणीच नाही त्याला जागृत करून काय साधणार? हे दोन्ही पक्ष मी बाजूला ठेवतो. मला वाद घालायचा आहे तिसऱ्या पक्षाशी. तो हुशार आहे, प्रामाणिक आहे आणि अभ्यासक्रमांवर आज त्याचाच प्रभाव आहे. त्याचे म्हणणे असे, की आपल्याकडे खरी उणीव आहे ती डेटाची. सेन्सर वाढवा, उपग्रहांची माहिती वापरा, रुग्णालयांच्या नोंदी तिच्याशी जोडा, सांख्यिकी प्रारूपे बांधा. पुरावा भक्कम झाला की धोरण आपोआप बदलेल. म्हणून विद्यार्थ्याला आधी विश्लेषण शिकवा.

या पक्षाने मोठे काम केले आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. 2019 या एका वर्षात भारतातले सुमारे 16.7 लाख मृत्यू हवेच्या प्रदूषणाशी निगडित होते, हा अंदाज अशाच अभ्यासातून आला. अशा अंदाजांवरून संसदेत प्रश्नही विचारले गेले. पण संसदेत पुढे काय झाले तेही पाहायला हवे. केवळ हवेच्या प्रदूषणामुळेच मृत्यू झाला असा थेट संबंध सिद्ध करणारी निर्णायक माहिती उपलब्ध नाही, असे उत्तर सरकारने तिथे वेळोवेळी दिले आहे. आकडेशास्त्राच्या काटेकोर अर्थाने ते खोडून काढणे अवघड आहे. लोकसंख्येवर बेतलेला अंदाज एकाही मृताचे नाव सांगत नाही, एकाही धुरांड्याकडे बोट दाखवत नाही. ते त्याचे कामच नव्हे. डेटावादी यावर म्हणतो, मग आणखी अभ्यास करू. इथेच तो हरतो, कारण ‘आणखी अभ्यास हवा’ हे वाक्य ज्याला काहीच बंद करायचे नसते त्याच्या सर्वांत सोयीचे असते. निर्णायक पुराव्याची अट समोरच्याने घातली आणि आपण ती मान्य करून प्रयोगशाळेत परतलो.

ही अट किती अनाठायी असते, ते एका जुन्या साथीत दिसते. 1955-56 च्या हिवाळ्यात दिल्लीत काविळीची प्रचंड साथ आली. रुग्णांची संख्या 29 हजारांच्या घरात गेली. यमुनेला पूर आला होता, पात्र सरकले होते आणि नजफगड नाल्याचे मैलापाणी वझिराबादच्या पाणी उपसा केंद्रापर्यंत उलटे चढले होते. केंद्रावरच्या लोकांनी क्लोरिन वाढवला, तरी साथ आली. या काविळीचा विषाणू कोणता, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. ती हिपॅटायटिस ए किंवा बी नव्हती, हे साठवलेल्या नमुन्यांवरून कळायला 1980 उजाडावे लागले; आज आपण तिला हिपॅटायटिस ई म्हणतो. रोगाचे कारण कळायला पंचवीस वर्षांहून अधिक काळ लागला आणि साथीचे कारण नदीकाठी उभे राहिलेल्या माणसाला दिसत होते. नाला तिथे वळवायला, बांध घालायला विषाणूचे नाव कळण्याची गरज नव्हती.

माझा सारा मुद्दा या फरकावर उभा आहे. पुरावा दोन प्रकारचा असतो. शोधनिबंधाचा पुरावा विचारतो, हा अपाय या कारणाने होतो हे सर्वत्र, सर्वांच्या बाबतीत खरे आहे का? नोटिशीचा पुरावा विचारतो, या ठिकाणी, आज, हा नळ, ही भट्टी, हे गोदाम बंद करण्याइतके कारण माझ्यापाशी आहे का? पहिल्यात नसलेला संबंध आहे असे म्हणणे ही मोठी चूक, म्हणून संशोधक थांबतो. दुसऱ्यात असलेला धोका नाही असे म्हणणे ही मोठी चूक, म्हणून तिथे थांबणाराच दोषी ठरतो. आपली विद्यापीठे पहिला पुरावा बऱ्यापैकी शिकवतात, दुसरा जवळजवळ शिकवतच नाहीत.

दुसरा पुरावा हलका आहे असा गैरसमज आहे. पाणी प्रदूषणाचा 1974 चा कायदा घ्या. त्याच्या कलम 21 नुसार सांडपाण्याचा नमुना घेताना तिथल्या चालकाला तसे तिथेच लेखी कळवायचे, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, बाटल्या सीलबंद करून सह्या घ्यायच्या. दुसरा भाग त्याने मागितल्यास वेगळ्या प्रयोगशाळेत जातो. यात कसूर झाली तर पृथक्करण कितीही अचूक असो, न्यायालयात ते ग्राह्य नाही. उत्तम यंत्रावर तपासलेला नमुना एका सहीवाचून निरुपयोगी ठरतो. ही शिस्त सांख्यिकीच्या शिस्तीपेक्षा वेगळी आहे, कमी कडक नाही.

डेटावाद्यांचा सर्वांत वजनदार आक्षेप इथेच येतो. तपासनिसाच्या हाती अधिकार दिला की जुलूम होतो, असे ते म्हणतील, आणि पुण्यात तरी ते कोणाला समजावून सांगावे लागणार नाही. 1897 च्या प्लेगमध्ये घराघरांत शिरलेले सोल्जर आपल्या आठवणीत आहेत. पण त्या तपासणीत उणीव आकडेवारीची होती का? रोग्यांची मोजदाद तर चाललीच होती. उणीव होती ती घरमालकाला नमुना दाखवण्याची, लेखी कारण देण्याची, अपिलाची. नोटिशीचा पुरावा समोरच्याला उत्तर देण्याची संधी देतो, म्हणूनच त्याला नोटीस म्हणायचे. अधिकाराला आवरणारी गोष्ट ही आहे. सांख्यिकीतले विश्वास-अंतराल मोजून ती मिळत नाही.

नोटिशीच्या पुराव्याची उणीव पुण्यातच पुन्हा दिसली. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात, नांदेड, किरकटवाडी, धायरी भागांत गुलियन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढू लागले. संशयितांची संख्या दोनशेच्या पुढे गेली, काही रुग्णांच्या शौचनमुन्यांत दूषित पाण्यातूनही पसरणारा कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, केंद्राचे पथक आले. रुग्णांच्या बाजूचे काम वेगाने झाले. पाण्याच्या बाजूला मात्र विहीर, टँकर, घरच्या टाक्या आणि जार विकणारे आरओ प्रकल्प अशा चार वाटा होत्या, आणि नांदेड-किरकटवाडीसारखी गावे महापालिकेत येऊन पुरती चार वर्षेही झाली नव्हती. आरओ प्रकल्पांना टाळी लागली तेव्हा कुठे त्यांच्यावर नियंत्रण नेमके कोणाचे, ही चर्चा सुरू झाली. नळाच्या टोकाला उरलेला क्लोरिन लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम हवा, असे भारतीय मानक सांगते. ऑर्थोटोलिडिन (ओटी) टेस्टची बाटली घेऊन तो पाहायला मिनिट पुरते. तो नसेल तर काय करायचे आणि कोणाला भाग पाडायचे, हे ठाऊक असलेला माणूस हवा होता.

असा माणूस आपल्या व्यवस्थेत तुकड्यातुकड्यांनी आहे. पाणी पाणीपुरवठा विभागाचे, सांडपाणी प्रदूषण नियंत्रण मंडळाचे, कामगाराची फुप्फुसे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची, खाद्यपदार्थ अन्न व औषध प्रशासनाचे, आणि ताप आला की आरोग्य विभाग. महापालिकेचा आरोग्य निरीक्षक या सर्वांच्या सर्वांत जवळ असतो. पण पदविका घेऊन आलेला तो माणूस दिवसभर कचरागाड्या आणि थुंकण्याचा दंड यांत अडकतो. त्याला अधिकार आहे, अभ्यासाला वाव नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्याला अभ्यास आहे आणि अधिकार शून्य, म्हणून तो प्रबंधासाठी ‘ज्ञान, दृष्टिकोन आणि आचरण’ यांची प्रश्नावली भरून घेतो आणि पुढे कंपन्यांचे शाश्वततेचे अहवाल लिहितो. यात त्याचा दोष नाही. त्याला दुसरे काही दिलेच नाही.

ब्रिटनमध्ये मात्र विज्ञानाचा पदवीधर मान्यताप्राप्त एमएस्सी करून, प्रत्यक्ष कामाची नोंदवही पूर्ण करून पर्यावरणीय आरोग्य अधिकारी होतो. स्थानिक परिषदेत नोकरी करतो आणि धोका दिसला तर उपाहारगृहाचे स्वयंपाकघर बंद करवू शकतो. त्यांची व्यावसायिक संस्था 1883 मध्ये साध्या सॅनिटरी इन्स्पेक्टरांनीच काढली होती. निरीक्षकाचे पद शिकून वर नेले, बाजूला टाकले नाही. एका ठिकाणापुरता पुरावा तिथे मृत्यूच्या चौकशीतही चालतो. 2020 मध्ये लंडनच्या एका कॉरोनरने, म्हणजे मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, साउथ सर्क्युलर रस्त्याजवळ राहणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूला हवेचे प्रदूषण कारणीभूत ठरल्याचे नोंदवले. संसदेतल्या आपल्या उत्तरांत ज्या संबंधाला निर्णायक आधार नाही म्हटले जाते, तो संबंध तिथे एका मुलीपुरता नोंदला गेला. तिच्या घराजवळची हवा, तिचे दम्याचे झटके आणि जे अधिक संभाव्य ते मान्य करण्याची कॉरोनरच्या चौकशीची कसोटी, एवढे त्याला पुरले.

पदे नाहीत तर शिकवून काय करू, असे विद्यापीठे म्हणतील. पदे निर्माण करता येतात. मद्रास प्रांताने 1939 मध्येच सार्वजनिक आरोग्याचा स्वतंत्र कायदा केला आणि तमिळनाडूत त्यासाठी वेगळे संचालनालय आजही चालते. तोवर अभ्यासक्रम तरी बदलता येईल. विद्यार्थ्याने एक सत्र प्रश्नावली सोडून एका प्रभागात काढावे: ग्रामीण महाराष्ट्रात ग्रामपंचायतींना लाल, पिवळे, हिरवे कार्ड देताना करतात तशी विहिरीची, टाकीची, जोडण्यांची पाहणी करावी, नमुना कायद्याप्रमाणे घ्यावा, एका ठिकाणाबद्दल कारणांसह नोटिशीचा मसुदा लिहावा. परीक्षकांत संख्याशास्त्रज्ञाच्या शेजारी एक वकील असावा आणि त्याने मालकाच्या बाजूने उलटतपासणी घ्यावी. मसुदा टिकला तर पदवी द्यावी. टिकला नाही तर कोणती सही राहिली, कोणते कारण अपुरे पडले हे दाखवून विद्यार्थ्याला त्याच विहिरीवर पुन्हा पाठवावे.